हातचा न घेता काढलेला क्यूआर कोड

एक ढकलपत्र पुन्हा फिरतंय. मजकूर थोडक्यात असा: ‘क्यूआर कोड हाताने काढणं अशक्य आहे. प्रत्येक कोड सर्व्हरवर नोंदलेला असतो, ठिपके संगणक वाट्टेल तसे टाकतो, त्यामागचं गणित माणसाच्या आवाक्याबाहेरचं आहे आणि एक ठिपका जरी चुकला तरी कोड बाद.’ मी चौकडीच्या कागदावर स्केचपेनने कोड काढलेत आणि ते मोबाइलने वाचलेत. तेव्हा एकेक मुद्दा घेऊ.

आधी सर्व्हर. कोडातला मजकूर त्या काळ्या-पांढऱ्या घरांमध्येच असतो. नेट बंद करून एखादा साध्या मजकुराचा कोड स्कॅन करून बघा, वाचला जातो. गैरसमज होतो तो ‘मुदत संपलेल्या’ कोडांमुळे. अशा कोडात एका मधल्या लिंकचा पत्ता असतो आणि ती लिंक चालवणारा ती बंद करतो. कोड धडधाकट असतो, त्या पत्त्यावर आता कुणी राहत नाही, एवढंच. परवानगीचाही प्रश्न नाही. १९९४ साली जपानच्या डेन्सो कंपनीत मासाहिरो हारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा कोड तयार केला. मानकाप्रमाणे काढलेल्या कोडांवर पेटंटचा हक्क सांगायचा नाही, असं कंपनीचं धोरण राहिलं. २००० साली त्याचं आंतरराष्ट्रीय मानक निघालं. कुठलं घर कशासाठी, ते त्यात छापलेलं आहे.

म्हणजे ‘वाट्टेल तसे ठिपके’ हेही गेलं. सर्वांत लहान कोड २१ बाय २१ चा, ४४१ घरांचा. त्यातली २३३ घरं राखीव: तीन कोपऱ्यांतले मोठे चौकोन, म्हणजे डोळे, त्यांच्या कडेची पांढरी पट्टी, एकाआड एक काळ्या-पांढऱ्या घरांच्या दोन रेघा, दोनदा लिहायची १५ बिटांची (बिट म्हणजे ० किंवा १, एका घरात एक) ओळखपट्टी आणि एक कायम काळं घर. उरली २०८ घरं, म्हणजे आठ-आठ घरांचे २६ बाइट.

समजा ‘३१४१५’ लिहायचंय. आकडे येणार म्हणून ०००१. किती आकडे, तर पाच. ते दहा बिटांत ०००००००१०१. मग तीन-तीनचे गट: ३१४ चे द्विमानात ०१००१११०१०, उरलेल्या १५ चे सात बिटांत ०००११११. शेवटी चार शून्यं, आणि आठाचा हिशोब जुळेपर्यंत आणखी शून्यं. पाच बाइट झाले: १६, २१, ५८, ३०, ०. कोडातली किती चूक भरून निघावी, याच्या दुरुस्ती-पातळ्या असतात. सर्वांत खालच्या पातळीला मजकुराचे १९ बाइट लागतात, म्हणून उरलेल्या चौदा जागी २३६ आणि १७ आळीपाळीने. इथवर शाळकरी मूलही येईल.

गणिताचा बागुलबुवा आहे तो पुढच्या सात बाइटांचा, म्हणजे चुका दुरुस्त करायला लागणाऱ्या बाइटांचा. रीड आणि सॉलोमन या गणितज्ञांनी १९६० मध्ये मांडलेली ही पद्धत. करायचं काय, तर एक लांबलचक भागाकार. बाकी उरते तेच हे सात बाइट. त्यातला गुणाकार २५५ ओळींच्या तक्त्यात बघून बेरजेने होतो. बेरीज २५४ च्या वर गेली की २५५ वजा करायचे. आणि वजाबाकी? दोन बिटं सारखी असली तर शून्य, वेगळी असली तर एक. हातचा नाहीच! असे गुणाकार जास्तीत जास्त १३३. कंटाळवाणं आहे, हे मान्य. आवाक्याबाहेरचं मात्र नाही.

नंतर घरं भरून एका ठरलेल्या नियमाने काहींचा रंग उलटा करायचा. नियम आठ आहेत. मानक म्हणतं, आठही करून बघा, गुण द्या, उत्तम तो घ्या. मी सरळ पहिला घेतो: ओळ आणि रकाना शून्यापासून मोजून बेरीज सम आली की रंग उलटा. मोबाइलने अजून तक्रार केलेली नाही.

आता ‘एक ठिपका चुकला की बाद’. खालच्या पातळीलासुद्धा २६ पैकी कुठलेही दोन बाइट चुकले तरी वाचन होतं. बाइटातलं एक घर चुको की आठही, किंमत सारखीच. वरच्या पातळीला आठ बाइट चालतात. मात्र याच्या उलट टोकाचं ‘तीस टक्के खोडलं तरी चालतं’ हेही डोळे झाकून घेऊ नका. कोपऱ्यातला डोळा खोडला तर ही दुरुस्ती कामाला येत नाही.

माझा पहिला कोड याच हिशोबात गेला. घरं उजवीकडून दोन-दोन रकान्यांनी, वर-खाली नागमोडी भरायची असतात. डावीकडून सातवा रकाना त्या ठिपक्यांच्या रेघेचा, तो ओलांडायचा. मी ओलांडला नाही. त्यापुढचे तीन बाइट एकेक घर सरकले. दोन खपले असते, तीन नाही. अगदी डावीकडे चार घरं कोरी राहिली होती, तरी माझी ट्यूब पेटली नाही.

दुसऱ्या कोडाचं गणित बरोबर होतं, घरं बरोबर होती, आणि तो वाचला जात नव्हता. कोडाभोवती चार घरांइतकी जागा कोरी लागते. तिथे मी कौतुकाने काळी जाड चौकट काढली होती.