होडी, हरभरा आणि चार नद्या

ज्या लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तिथल्या रहिवाशाने होडी विकत घ्यावी, ह्यातला विनोद मला सोडून आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाला तत्काळ समजला. हिला कयाक म्हणतात आणि उत्तर ध्रुवाकडचे इनुइट लोक ती सीलच्या कातड्याने मढवून शिकारीला नेत असत, अशी माहिती मी शेजाऱ्यांना दिली, तेव्हा "मग हिकडं कामून आणलाव?" एवढाच प्रश्न आला. माझी कयाक प्लॅस्टिकची, 10 फूट लांब आणि 27 किलो वजनाची होती. फेब्रुवारीत चार दिवसांची रजा टाकून मांजरा, सिंदफणा, गोदावरी आणि पूर्णा ह्या नद्यांवर रोज एकीप्रमाणे वल्हवत गळ टाकावा, असा बेत होता. सोबतीला मेव्हणा आला, कारण गाडी त्याची होती आणि ती माझ्या एकट्याच्या हवाली करण्याइतका आमचा जिव्हाळा नव्हता.

पहिला मुक्काम धनेगावचे मांजरा धरण. धरणांतल्या मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे असतो, म्हणून मी रीतसर परवानगी मागितली. तिथल्या माणसाने होडीकडे, गळाकडे आणि शेवटी माझ्या पोटाकडे बघून, "तुमच्यानं काय धरण रिकामं होत नसतंय," असे म्हणत ती दिली. अडचण वेगळीच निघाली. पाणी ओसरून दूर गेले होते आणि मधल्या काळ्या गाळात लोकांनी हरभरा पेरला होता. त्या गाळपेरातून आम्ही होडी डोक्यावर घेऊन चाललो असताना एक म्हातारे शेतकरी बांधावर उभे राहिले आणि अत्यंत गंभीरपणे म्हणाले, "नाव घेऊन रानातून कुठं निघालाव?" घाट्यांना धक्का लागू न देता पाण्यापर्यंत पोहोचायला आम्हाला पाऊण तास लागला. इनुइट लोकांना हरभरा चुकवावा लागत नसणार.

पाण्याशी आल्यावर मेव्हण्याने होडी उलटी करून पाहिली आणि तो हबकलाच. "दाजी, हिच्या बुडाला सहा भोकं हायेत!" ती भोके मुद्दाम ठेवलेली असतात, हे मी त्याला समजावले. बसायची जागा पाण्याच्या पातळीहून थोडी वर असते, त्यामुळे लाटांचे जे पाणी आत येते ते भोकांतून आपोआप खाली निघून जाते. शास्त्र बिनचूक होते, फक्त ते हलक्या माणसासाठी होते. माझे 94 किलो त्यावर स्थानापन्न होताच होडी चार बोटे खाली गेली, बसायची जागा पाण्याच्या पातळीखाली आली आणि ज्या भोकांतून पाणी बाहेर जायचे त्यांतूनच ते शांतपणे, कारंज्याचा आव न आणता, आत येऊ लागले. मी बुडालो नाही, कारण होडीचा पोकळ भाग बंद असतो. पण दिवसभर कमरेखाली मांजरेत बसून होतो. काठावरून मेव्हणा ओरडला, "काहिलीचं बूड तरी आखं असतंय, दाजी!" नदीकाठच्या गावांत गुळाच्या काहिलीत बसून नदी ओलांडणारी माणसे त्याने लहानपणी पाहिली होती, हे तो पुढे चारही दिवस विसरला नाही. संध्याकाळपर्यंत कणकेच्या अठरा गोळ्या माशांनी गळाला धक्का न लावता खाल्ल्या.

माजलगावला सिंदफणेच्या धरणात तेच झाले, फक्त गांडुळे गेली. तिथे एका जाणकाराने सांगितले की ह्या धरणात पैठणच्या नाथसागरातून उजव्या कालव्याचे पाणीही येते, तेव्हा मी नेमका सिंदफणेत भिजलो की गोदावरीत, हे देवच जाणे.

गंगाखेडला मात्र खरी गोदावरी होती. संत जनाबाईंच्या ह्या गावी घाटावर सकाळीच दोन-तीन कुटुंबे अस्थिविसर्जनासाठी आलेली होती, म्हणून मी गळ टॉवेलात गुंडाळून होडी लांबच्या पायऱ्यांवरून पाण्यात सोडली. तेवढ्यात एक मध्यमवयीन गृहस्थ हात जोडून पुढे आले. काठाला जलपर्णी दाटली होती, आणि वडिलांच्या अस्थी वाहत्या पाण्यात जाव्यात अशी आईची इच्छा होती. मी मासे धरायला आलो आहे, हे सांगायचे धैर्य मला झाले नाही. लाल कापडात बांधलेले गाडगे दोन्ही मांड्यांमध्ये धरून, जलपर्णीच्या मुळ्या वल्ह्यावरून निपटत मी मधल्या धारेपर्यंत गेलो, आणि परत आलो तेव्हा दुसरे कुटुंब पायरीवर वाट पाहत होते. दुपारपर्यंत माझ्या तीन फेऱ्या झाल्या. त्या दिवशी मी गळ टाकलाच नाही, आणि चार दिवसांत होडीचा कुणाला उपयोग झाला असेल तर तो एवढाच. एका आजीने बळेच हातात 21 रुपये ठेवले.

पूर्णेवरच्या सिद्धेश्वर धरणात, चौथ्या दिवशी, अखेर दोरी ताणली गेली. तळहाताएवढी चिलापी! मी ती काठावर आणली तेव्हा एक वयस्कर भोई टायरच्या ट्यूबवर बसून जाळे झाडत होते. त्यांनी मासा निरखला. "आमिष बरं गावलंय," म्हणाले, आणि मी काही बोलण्याच्या आत तो जिवंतच आपल्या जाड दोरीच्या गळाला लावून त्यांनी लव्हाळ्याजवळ सोडला. मरळ माशाला श्वासासाठी अधूनमधून पाण्यावर यावेच लागते. तो कुठे वर येतो हे ते सकाळपासून बघून ठेवून होते. अर्ध्या तासात दोन किलोंचा मरळ काठावर उड्या मारू लागला. भाव कमी-जास्त न करता मी तो विकत घेतला. आमिषाचे पैसे वळते करा, असे मेव्हणा म्हणाला, पण त्याच्याकडे कुणी लक्ष दिले नाही.

सुमारे 500 किमी टपावर आणि जेमतेम सहा किमी पाण्यात, असा प्रवास करून होडी घरी आली. हा मासा मीच धरला, असे मी बायकोला सांगितले. मेव्हणा खोकला. तिने विळीवर मरळ चिरला, तर पोटातून माझी चिलापी निघाली, जवळजवळ अखंड.

"ही धरली मी," मी म्हणालो.

बायकोने चिलापी शेपटीला धरून उजेडात पाहिली आणि मांजरापुढे टाकली.