ताज उलटं बांधलेलं नाही, मामा

परवा मामांनी घरच्या ग्रुपवर पुन्हा तोच मेसेज टाकला. मुंबईचं ताजमहाल हॉटेल चुकून उलटं बांधलं गेलं, पाठ गेटवेकडे आणि तोंड गल्लीकडे. नकाशे देऊन विलायतेला गेलेला गोरा आर्किटेक्ट परतला, चूक बघितली आणि त्याने वरून उडी टाकली. खाली शेपूट: जमशेटजी टाटांना वॉटसन हॉटेलात दरवानाने आत घेतलं नाही, त्या रागातून हे बांधलं.

गेटवेचं आधी उरकतो. ताज उघडलं १६ डिसेंबर १९०३ ला, गेटवेचं उद्घाटन ४ डिसेंबर १९२४ ला. सोयरीक जमायच्या आधीच व्याह्यांवर रुसून बसण्यातला प्रकार झाला की ओ हा!

आता दाराचं. जुनं दार मागे होतं, हे खरंय. पण मामा, वारा कुठून येतो ते आपण सोलापूरकरांना का शिकवावं लागतं? मे महिन्यात गच्चीवर अंथरूण टाकताना आपण आधी तेच बघतो. अपोलो बंदरावर, म्हणजे ताज उभं आहे तिथे, पाणी पूर्वेला आहे, पण मुंबईत दुपारनंतरचा गार वारा येतो पश्चिमेकडून. ताजची जुनी इमारत घोड्याच्या नालेसारखी, तिची उघडी बाजू पश्चिमेला. वारा तिकडून आत शिरतो. शहरातून येणाऱ्या घोडागाड्यांनाही तीच बाजू सोयीची. पुढे दार समुद्राच्या बाजूला आणलं, आणि गाड्या थांबायच्या तिथे आता पोहण्याचा तलाव आहे. शिवाय तो लालसर घुमट बंदरात शिरणाऱ्या बोटींना लांबून दिसतो. घराच्या पाठीला एवढा शृंगार कोण करतं?

माझा खरा राग आहे तो उडीच्या गोष्टीवर. ताजचा आराखडा गोऱ्याचा नव्हताच. तो रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य आणि डी. एन. मिर्झा यांचा. सिद्धेश्वर एक्स्प्रेसने सकाळी आपण ज्या स्टेशनात डोळे चोळत उतरतो, त्या व्हीटीच्या कामावर हेच वैद्य तिच्या आर्किटेक्टच्या, स्टीव्हन्सच्या, हाताखाली होते. ताजचं काम चालू असताना १९०० साली ते मलेरियाने गेले. डब्ल्यू. ए. चेंबर्स हा इंग्रज नंतर आला, उरलेलं काम पुरं करायला. आत घुमटाखाली जिना आहे, मधे खांब नाही, भिंतीला धरून अधांतरी वर चढत गेल्यासारखा. त्याचं श्रेय कंत्राटदार खानसाहेब सोराबजी रतनजी यांना देतात. म्हणजे आपला माणूस तापाने गेला ते कुणाला ठाऊक नाही, आणि कधी न पडलेल्या साहेबासाठी आपण ग्रुपवर हात जोडतो.

वॉटसनबद्दल मी फार भांडणार नाही. काळा घोड्याजवळची ती बिडाच्या सांगाड्याची इमारत खरी आहे; ७ जुलै १८९६ ला ल्युमिएर बंधूंचा चित्रपट तिथेच दाखवला गेला. पण जमशेटजींच्या अपमानाच्या गोष्टीवर इतिहासाचे जाणकार शंका घेतात. मुंबईत धड उतरायला चांगलं हॉटेल नाही, ही तेव्हाची तक्रार होतीच. प्लेगने हैराण झालेल्या शहरात कुणी विजेच्या दिव्यांचं हॉटेल उभं करतो, त्याला एका दरवानाचा राग एवढंच कारण पुरेल, असं मला तरी वाटत नाही.

हे सगळं ग्रुपवर लिहिलं. मामांनी अंगठा दाखवला, आणि संध्याकाळी तोच मेसेज मावशीच्या ग्रुपवर आला.