वेग दुप्पट झाला म्हणून इंजिन दुप्पट चांगलं खेळत नाही

कुडाळ-कणकवलीपासून रत्नागिरीपर्यंत बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांच्या पालकांत इंजिनबद्दल, म्हणजे बुद्धिबळ खेळणाऱ्या प्रोग्रामबद्दल, एक मेसेज फिरतोय: "संगणकाचा वेग दुप्पट की इंजिनची ताकद दुप्पट. डीप ब्लू नुसत्या वेगावर जिंकला. मोबाईलवरचं इंजिन म्हणजे खेळणं. मुलाला पुढे न्यायचं तर गेमिंग लॅपटॉप घ्याच." आंब्याच्या पैशांतून तो घ्यायला निघालेले पालक माझ्या ओळखीत आहेत, म्हणून लिहितोय.

आधी ते "दुप्पट". ताकद मोजतात एलो गुणांत, म्हणजे डावांच्या निकालांवरून ठरणाऱ्या रेटिंगमध्ये. वेग दुप्पट झाला तर ढोबळमानाने 50 ते 70 गुण वाढतात, आणि इंजिन मुळातच वेगवान असेल तर त्याहूनही कमी. कारण पटावरच्या एकेका स्थितीत सरासरी तीस-पस्तीस चाली शक्य असतात, प्रत्येकीला तितकीच उत्तरं. चालींच्या निरुपयोगी फांद्या छाटूनही दुप्पट वेगातून जेमतेम एखादी अर्धचाल (एकाच बाजूची चाल) जास्त खोल दिसते. शिवाय वरच्या पातळीवर बहुतेक डाव बरोबरीतच सुटतात, त्यामुळे वाढलेला वेग निकालात फारसा दिसत नाही.

डीप ब्लू हा आयबीएमचा बुद्धिबळ संगणक वेगवान होता हे खरंच, सेकंदाला 20 कोटी स्थिती. पण 1996 साली फिलाडेल्फियात जगज्जेत्या कास्पारोव्हने त्याला 4-2 हरवल्यावर नुसता वेग वाढवला नव्हता. चिप नव्याने बनवताना स्थिती जोखण्याचे निकष वाढवले, ग्रँडमास्टर जोएल बेंजामिनला सोबत घेतलं. मग 1997 ला डीप ब्लू 3.5-2.5 ने जिंकला.

मोबाईल खेळणं? 2009 मध्ये ब्युनोस आयर्सच्या कोपा मर्कोसुर स्पर्धेत पॉकेट फ्रिट्झ 4 हा प्रोग्राम मोबाईल फोनवर खेळला. सेकंदाला 20 हजारांहून कमी स्थिती, म्हणजे डीप ब्लूच्या दहा हजाराव्या हिश्शाइतकाच वेग! तरी 10 पैकी 9.5 गुण घेऊन पहिला आला. पुढे 2020 ला स्टॉकफिश 12 या इंजिनमध्ये स्थिती जोखायला न्यूरल नेटवर्क, म्हणजे असंख्य उदाहरणांवरून शिकलेली यंत्रणा, आलं. त्याच यंत्रावर सेकंदाला तपासलेल्या स्थिती घटल्या आणि खेळ मात्र झपाट्याने सुधारला.

पत्रबुद्धिबळ खेळणाऱ्याला, एकाच स्थितीवर रात्रभर इंजिन चालवणाऱ्याला तगडं यंत्र उपयोगी पडतं. बाराशे रेटिंगच्या मुलाला नाही. वजिराच्या मोहात त्याने f7 चं प्यादं उघडं टाकलं, हे स्वस्तातला फोनही डोळ्याची पापणी लवायच्या आत दाखवतो. ते का झालं हे त्याच्यासोबत पटावर बसून सांगणारा माणूस लागतो. लॅपटॉपचे पैसे त्या माणसाच्या फीला, स्पर्धांच्या प्रवेशशुल्काला आणि कोकण रेल्वेच्या तिकिटांना लावा.