लोकलचं मला शिकवू नका (पेनकेसवर आलेल्या कमेंटला उत्तर)

अनामिक, तुमची कमेंट काल रात्री वाचली. उत्तर तिथेच खाली देणार होतो पण लिहिता लिहिता एवढं वाढलं की वेगळंच टाकतोय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी लिहिलं होतं की फाउंटन पेन रोज सोबत न्यायचे असतील तर व्हेज टॅन (झाडाच्या साली-फळांनी कमावलेल्या) लेदरचं, जाड, हाताने शिवलेलं पेनकेस घ्या, एकदाच पैसे जातील पण टिकेल. त्यावर यांचं म्हणणं असं की ठाण्याच्या हवेत असलं लेदर एका पावसाळ्यात बुरशीने जातं (यांचं गेलं, दर आठवड्याला खोबरेल तेल लावून प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं असूनही), तीन हजार घालवण्यापेक्षा तीनशेचं पीयूचं (नकली चामड्याचं) पाऊच बरं, केसची आतली मापं मी दिलीच नाहीत, आणि शेवटी हे वाक्य, जसंच्या तसं: "लेखक कधी सकाळच्या लोकलला लटकले असते तर घरात बसून असले शौकीन सल्ले दिले नसते."

मापांचं आधी संपवतो. मान्य, द्यायला हवी होती. लॅमी सफारी हा नेहमीचा पेन टोपणासकट साधारण १४ सेंटीमीटर भरतो, म्हणजे केस आतून १५ तरी हवं. आपले एबोनाइटचे (कडक रबराचे) जाडजूड पेन असतील तर सुटे कप्पे बघा, इलॅस्टिकच्या लूपमध्ये ते धड जात नाहीत आणि कोंबले तर लूप सैल पडतात. झालं. बघा, चूक दाखवली तर मी ऐकतो.

आता लोकल.

अहो, १८५३ साली देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून सुटून ज्या गावात आली, त्या गावात जन्मलेल्या माणसाला तुम्ही लोकल शिकवताय? मी कॉलेजपासून ठाणे ते व्हीटी करतोय, सीएसटी व्हायच्या आधीपासून, आणि आजही करतो, त्यात दारात लटकणं आलं, चौथ्या सीटवर अर्ध्या मांडीने बसणं आलं, मुलुंडला चढणाऱ्यांशी भांडणं पण आली. माझे वडीलही त्याच लाइनला. कचेरीत होते, लिहायचं काम, आणि पांढऱ्या शर्टाच्या खिशाखाली कायम एक निळा डाग असायचा. आई त्यावर लिंबू चोळायची, ताक चोळायची, डाग फिका व्हायचा पण जायचा नाही. तेव्हा गर्दीत पेन गळतो हे मला कुठल्या यूट्यूबवरून कळलेलं नाही हो.

आणि तो का गळतो तेही सांगतो, कारण केसचा सगळा मुद्दा तिथेच आहे आणि तुम्ही तो वाचलेला दिसत नाही. ड्रॉपरने शाई भरायचे जे पेन असतात त्यांची टाकी अर्धीअधिक रिकामी झाली की आत हवा जास्त होते. पेन छातीला चिकटून खिशात, बाजूला चार माणसं चिकटलेली, त्या उबेने आतली हवा फुगते आणि शाईला निबमधून बाहेर ढकलते. म्हणून पेन अंगापासून लांब हवा, उभा हवा, निब वर. कडक केस बॅगेच्या कप्प्यात उभं राहतं. तुमचं ते मऊ पाऊच दादरपर्यंत तळाला जाऊन आडवं होतं, आणि मग ऑफिसात टोपण उघडलं की बोटं निळी.

दुसरं म्हणजे दाब. सकाळच्या गर्दीला रेल्वेवाले सुपर डेन्स क्रश लोड म्हणतात, एका चौरस मीटरमध्ये १४ ते १६ उभी माणसं. त्यात बॅग पोटावर घेऊन उभं राहायचं, समोरच्याचा स्टीलचा डबा नेमका तुमच्या बॅगेत रुतलेला. असल्या दाबात मऊ पाऊचमधल्या पेनच्या टोपणाला तडा जातो, क्लिप वाकते. व्हेज टॅन लेदर ओलं करून साच्यावर बसवता येतं आणि वाळलं की तो आकार धरून ठेवतं, अडीच-तीन मिलिमीटर जाडीचं असेल तर दाबून बघा हाताने, दबतं का ते. क्रोम टॅन, म्हणजे क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेलं, मऊ असतं, पर्सला छान, जॅकेटला छान, इथे उपयोग नाही.

शिलाईचं पण तेच. माझ्या केसच्या फ्लॅपच्या कोपऱ्यावर कुणाच्या तरी बॅगेची झिप घासून एक टाका तुटलाय. तिथे मेण लावलेल्या दोऱ्याची दोन टोकं मिशीसारखी उभी दिसतात, आजूबाजूचे टाके मात्र जागच्या जागी. दोन सुयांच्या शिलाईत प्रत्येक भोकातून दोन्ही दोरे जातात, एक तुटला तरी दुसरा धरून राहतो. मशीनची असती तर एव्हाना अर्धी कड उसवली असती. हे सगळं "घरात बसून" झालं बरं का, आमच्या घरात लोक बॅगा घेऊन ढकलाढकली करतात.

बुरशीबद्दल मी खरं तर बोलणारच नव्हतो, कारण तुम्ही स्वतःच सगळं लिहिलंय. खोबरेल तेल, दर आठवड्याला, वरून प्लास्टिकची पिशवी, जुलै महिना, बंद कपाट. अजून काय हवं बुरशीला, चहा? लेदर उघड्यावर ठेवायचं, कोरड्या फडक्याने पुसायचं, फार तर शेजारी सिलिका जेलची पुडी, संपलं. आणि ती बुरशीच होती कशावरून? मेण-चरबी भरपूर असलेल्या लेदरवर पांढरट थर येतो, तो आतली चरबीच वर आलेली असते. हेअर ड्रायरची हलकी गरम हवा मारा, चरबी असेल तर विरघळून नाहीशी होते, बुरशी जात नाही आणि वासही मारते. तुम्ही हे केलं होतं का? नसणार.

तुम्ही "काळे ठिपके" पण लिहिलेत. व्हेज टॅन म्हणजे झाडाच्या साली-फळांतल्या टॅनिनने कमावलेलं, आपल्याकडे बाभळीची साल, हिरडा वगैरे, कोल्हापुरी चपलेचं चामडं असंच. आणि टॅनिनला लोखंड लागलं की काळं पडतं. पूर्वी हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) घालून कापड काळं रंगवायचे ते याच्यावरच, आणि आयर्न गॉल शाई पण याच तत्त्वावर, जी तुम्ही वापरता असं कमेंटमध्ये अभिमानाने लिहिलंय! तेव्हा केसचं बटण पितळी होतं की स्वस्तातलं लोखंडी, ते आधी बघा. (कोल्हापुरी पावसात घालत नाहीत असं कुणीतरी म्हणेलच. नाहीच घालत. केस पण बॅगेत असतं, गोखले रोडच्या डबक्यात नाही.)

पीयूचं एवढंच सांगतो की मी पण घेतलं होतं, कंपनीचं नाव घेत नाही. दमट हवेत वरचा थर सुटत गेला आणि काळे पोपडे पेनच्या टोपणाच्या आट्यांमध्ये जाऊन बसले, ते टाचणीने एकेक काढत बसलो होतो. तुम्हाला तीनशेत सुख मिळत असेल तर घ्या की, मी कुणाच्या पाकिटात हात घातलेला नाही. परवडण्याच्या बाकी गप्पांना माझ्याकडे वेळ नाही.

बुरशीवर अजून बोलायचं असेल तर फोटो टाका, बटणाचा जवळून आणि तेलाच्या बाटलीचा पण. आणि नाव लिहा हो स्वतःचं, मी माझ्या नावाने लिहितो. उद्या सकाळच्या फास्टला मी नेहमीच्या डब्यात असेन, ठाण्याहून चढा, केस दाखवतो, हात लावून बघा, पण शाईच्या बोटांनी नको.