नुसती सही

‘ताई, नुसती सही आहे गं. बाकी सगळं मी बघतो.’

दोन महिन्यांपूर्वी धाकट्या चुलतभावाच्या तोंडून हे ऐकलं आणि पोटात गोळा आला. १९९४ साली, मी आठवीत असताना, आमच्या सोप्यात बसून एक काका आप्पांना हेच म्हणाले होते. ‘नुसती सही आहे रे, बाकी माझ्यावर सोड.’ आप्पा सरकारी कारकून. काका त्यांचे लहानपणापासूनचे मित्र. आप्पांनी त्यांच्या कर्जाला जामीन म्हणून सही केली. दीड वर्षात काकांचे हप्ते थांबले आणि आप्पांच्या पगारातून दरमहा सहाशे रुपये जायला लागले. जवळजवळ सहा वर्षं जात होते. त्या वर्षी घराला शहाबादी फरशी घालायचं ठरलं होतं. ती राहिली. जमीन शेणानं सारवायचं काम माझ्या वाट्याला होतं, त्यामुळे त्या कर्जाचे हप्ते मीही भरलेत असं मी म्हणते.

काका मात्र येत राहिले. त्याच सारवलेल्या जमिनीवर बसून चहा पीत. आप्पा एकदाही त्यांना काही बोलले नाहीत. आई स्वयंपाकघरातून ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणायची, ‘भीड भिकेची बहीण.’ तेव्हा मला आईचा राग यायचा.

आता भावाचं. त्याला पोल्ट्रीसाठी आठ लाखांचं कर्ज हवं आहे, दोन जामीनदार लागतात, आणि मी जिल्हा परिषदेची शिक्षिका. एक तारखेला पगार होणारं माणूस भावकीत असलं की सगळ्यांना आधी तेच आठवतं. (तो माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहे, वाचेल. त्याला तोंडावर जे सांगितलं तेवढंच इथे लिहिते आहे.)

पहिल्यांदा त्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, ‘बघते.’ दुसऱ्यांदा, ‘जरा परीक्षा होऊ देत, मग बघते.’ तिसऱ्यांदा, ‘ह्यांना विचारून सांगते.’ आपल्याकडे ‘नाही’ सोडून नकाराचे शंभर प्रकार आहेत आणि समोरच्याला त्यातला प्रत्येक ‘हो’ असाच ऐकू येतो. त्यात त्याची काय चूक? चौथ्या खेपेला तो फॉर्मच घेऊन आला. जिथे जिथे मी सही करायची तिथे पेन्सिलीने फुली मारून. सात फुल्या होत्या.

‘ह्यांना विचारते’ हा तर माझा हुकमी एक्का. शाळेतल्या भिशीपासून साडीवाल्या बाईपर्यंत सगळीकडे चालवलेला. बाईने नवऱ्याच्या नावावर नकार दिला की कुणाला राग येत नाही, स्वतःच्या नावावर दिला की ती शिष्ट. या वेळी ह्यांनीच हात जोडले. म्हणाले, ‘तुझ्या माहेरात मी आधीच कंजूष म्हणून प्रसिद्ध आहे. हा नकार तुझा तू दे.’

रागच आला, पण म्हणाले ते खरं होतं.

माझी एक मैत्रीण पतसंस्थेत वसुलीचं काम करते. तिला फोन केला. ती म्हणाली, ‘कर्जदार सापडत नाही गं, जामीनदाराचा पगार दर महिन्याला सापडतो. मग आम्ही कुणाकडे जाणार?’ नंतर तिने कायदा वाचून दाखवला. १८७२ चा करार कायदा, कलम १२८: करारात वेगळं काही ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. ‘आधी त्याच्याकडून वसूल करा, तो बुडाला तर माझ्याकडे या’ असं म्हणायची सोय नाही. मी चोवीस वर्षं नोकरी करते, पाच-सहा जणांना जामीन राहिले आहे, आणि माझी आजवरची समजूत नेमकी हीच होती! सहकारी संस्था असेल तर दिवाणी कोर्टात दावा लावायचीही गरज नाही. १९६० च्या सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो, आमच्या भागात त्याला नुसतं ‘एकशेएक’ म्हणतात. त्या दाखल्यावर कर्जदाराच्या खाली जामीनदाराचंही नाव असतं. शिवाय ते कर्ज आपल्या सिबिलला, म्हणजे बँका बघतात त्या आपल्या कर्जांच्या नोंदीत, दिसतं. उद्या लेकीच्या शिक्षणासाठी मी कर्ज मागायला गेले तर बँक आधी भावाच्या कोंबड्या मोजणार.

मी विचारलं, भरलेले पैसे परत मागता येतात ना? येतात. कलम १४५. म्हणजे आप्पांनाही येत होते. पण त्यासाठी मित्रावर दावा लावावा लागला असता. ज्याला नाही म्हणता आलं नाही, त्याच्यावर दावा कोण लावणार?

तेव्हा लक्षात आलं, संस्था माझा पगार तारण धरते हे खरं, पण सही मागायला येणाऱ्याने त्याआधी माझी भीड तारण धरलेली असते. ती केवढ्याची आहे याचा हिशोब मांडूनच तो दारात येतो.

आता कुणी म्हणेल, अशाने कुणीच कुणाला जामीन राहायचं नाही का? तसं म्हणायला मला तोंड नाही. २०१२ साली आमच्या घराचं कर्ज पगारदार पतसंस्थेतून झालं ते दोन सहकारी शिक्षकांच्या सह्यांवर. मीही त्यांच्या फॉर्मवर सह्या केल्या आहेत. तू मला, मी तुला, यावरच तर ती संस्था चालते. आत्मनिर्भरतेची भाषणं ठोकणाऱ्यांना हे कळत नाही. म्हणून मी माझ्यापुरती एक रेघ मारली: जी रक्कम उद्या एकटीने फेडावी लागली तरी माझं घर चालेल, तिथवर सही. त्यापुढे नाही, मग समोर कुणीही असो. दीड लाखाला मी आजही जामीन राहीन. आठ लाखांना नाही.

फोनवर सांगायचं धाडस नव्हतं असं नाही, पण फोनवर मी परत ‘बघते’ म्हटलं असतं. म्हणून गावी गेले. चहा यायच्या आतच सांगून टाकलं, ‘आठ लाख फेडायची वेळ आली तर मला झेपणार नाही, म्हणून मी सही करणार नाही.’ आवाज कापत होता.

भाऊ म्हणाला, ‘म्हणजे तुझा माझ्यावर विश्वास नाही.’

मी म्हटलं, ‘या फॉर्मवर विश्वासाचा रकाना कुठे आहे, दाखव.’

जरा लागेलसं बोलले, कबूल. पुढे म्हटलं, शेडसाठी पंचवीस हजार माझ्याकडून घे, जमलं तर परत दे. त्यावर काकू उठल्या. ‘आम्ही काय भीक मागायला आलो होतो तुझ्याकडे?’ आणि आत गेल्या. चहा आलाच नाही.

येताना एसटीत मला हलकं वगैरे काही वाटलं नाही. ‘नकार द्या आणि मोकळे व्हा’ असं सांगणारे व्हिडिओ मीही पाहिलेत. मला तर कराडपर्यंत रडू येत होतं. लहानपणी सुट्टीत मी काकूंच्याच कुशीत झोपायचे.

परवा भावकीत बारसं होतं. पंगतीत काकू जिलबी वाढत होत्या. माझ्या पानापाशी आल्या आणि तशाच पुढे गेल्या. शेजारी आप्पा बसले होते, आता अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. त्यांनी आपल्या पानातल्या दोन्ही जिलब्या उचलून माझ्या पानात ठेवल्या.

‘मला तशीही साखर चालत नाही,’ म्हणाले.