‘दर २० हजार किलोमीटरला क्लच प्लेट बदला’ : एका सल्ल्याचा प्रतिवाद

मोटारसायकलच्या क्लचविषयीचा, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणाऱ्या-सोडवणाऱ्या भागाविषयीचा, एक मजकूर सध्या मोबाइलवरून सर्वत्र फिरत आहे. त्यानुसार क्लच प्लेट २० हजार किलोमीटरनंतर बदललीच पाहिजे. सिग्नलला क्लच दाबून उभे राहिल्यास ती जळते. घाट उतरताना क्लच दाबून ठेवल्यास आणि गिअर क्लचविना बदलल्यास ती वाचते. सिंथेटिक ऑइलने क्लच घसरतो. आणि घसरू लागलाच, तर केबल घट्ट करावी, असे त्यात म्हटले आहे. यातील काही विधाने अर्धवट खरी आहेत आणि शेवटचे तर सरळ उलटे आहे.

आपल्याकडील बहुतेक मोटारसायकलींत क्लच ऑइलमध्ये बुडालेला असतो. अस्तर लावलेल्या आणि पोलादी अशा प्लेटा त्यात एकाआड एक रचलेल्या असतात, स्प्रिंगांच्या जोराने त्या एकमेकींवर दाबून धरलेल्या असतात आणि लिव्हर ओढल्यावर तो दाब सुटतो. प्लेट झिजण्यासाठी दोन गोष्टी एकाच वेळी घडाव्या लागतात: प्लेटांच्या दोन्ही संचांची गती वेगळी असली पाहिजे आणि तरीही त्यांच्यावर दाब असला पाहिजे. हाफ क्लचमध्ये, म्हणजे लिव्हर अर्धवट दाबलेली असताना, नेमके हेच होते. लिव्हर पूर्ण सुटलेली असताना घसरण नसते आणि पूर्ण दाबलेली असताना दाब नसतो.

त्यामुळे किलोमीटरचा आकडा फारसे काही सांगत नाही. पुण्याहून कोल्हापूरला महामार्गाने जाणारी गाडी सव्वादोनशेहून अधिक किलोमीटर धावते, पण तिचा क्लच बहुतांश वेळ पूर्ण जोडलेलाच असतो. संध्याकाळच्या लक्ष्मी रस्त्यावर दोन किलोमीटर सरकणारी गाडी मात्र पुन्हापुन्हा जागेवरून उठत असते. हा फरक हिशेबातही दाखवता येतो. सपाट रस्त्यावर इंजिनची गती स्थिर ठेवून गाडी उचलली, तर क्लच पूर्ण जुळेपर्यंत गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते, साधारण तितकीच क्लचमध्ये उष्णता होऊन जाते. चालकासह २०० किलो वजनाच्या गाडीचा क्लच ताशी १० किलोमीटरला पूर्ण जुळला, तर ही उष्णता सुमारे ७७० ज्यूल भरते; रेस देत तो ताशी २० किलोमीटरपर्यंत घसरू दिला, तर ती चौपट, म्हणजे सुमारे ३,१०० ज्यूल होते. दुसऱ्या गिअरमध्ये गाडी उचलण्याची सवय याच कारणाने महाग पडते, कारण इंजिनची गती तीच ठेवली तरी उष्णता पहिल्या गिअरच्या अडीच ते तीन पट होऊ शकते. चढावर किंवा मागे माणूस बसलेला असताना ती आणखी वाढते. म्हणून एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांच्या क्लचचे आयुष्य कित्येक पटींनी वेगळे निघाले, तरी त्यात नवल नाही. मालक-पुस्तिकेतील देखभालीच्या तक्त्यातही सहसा क्लच तपासण्याचा आणि त्याचा फ्री प्ले (लिव्हरची सुरुवातीची सैल हालचाल) जुळवण्याचा उल्लेख असतो, ठरावीक किलोमीटरला प्लेटा बदलण्याचा नव्हे. प्लेट बदलायची की नाही, हे तिची जाडी मोजून ठरते. अनेक गाड्यांत नवी प्लेट सुमारे ३ मिलिमीटर जाड असते आणि २.६ ते २.७ च्या आसपास तिची मर्यादा संपते.

सिग्नलबाबतचे विधान अर्धे बरोबर आहे. लिव्हर पूर्ण दाबलेली असेल, तर प्लेट जळत नाही. तरीही न्यूट्रलमध्ये थांबणेच योग्य, पण त्याची कारणे वेगळी आहेत: केबल आणि प्रेशर प्लेटमधील (इतर प्लेटांना दाबून धरणाऱ्या प्लेटमधील) बेअरिंग यांच्यावर विनाकारण ताण राहतो आणि त्या क्षणी केबल तुटली, तर गाडी पुढे झेप घेते. खरे नुकसान करतात ते चढावर ब्रेकऐवजी हाफ क्लचवर गाडी तोलून धरणारे, आणि आपल्याकडे त्यांची संख्या थोडी नाही.

घाटाचा सल्ला धोकादायक आहे. खंबाटकी किंवा आंबोलीच्या उतारावर गाडी गिअरमध्ये आणि क्लच पूर्ण सुटलेला असेल, तर प्लेटा घसरतच नाहीत, त्यामुळे वाचवण्यासारखे तेथे काही नसते. उलट क्लच दाबला की इंजिनचा रोध जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. क्लचविना गिअर बदलण्यातही हिशेब चुकतो. गिअर बदलताना गतीतील फरक थोडाच असतो आणि क्लचची झीजही तशी किरकोळ असते; ती वाचवण्यासाठी गिअरच्या दातांवर आणि गिअर सरकवणाऱ्या शिफ्ट फोर्कवर आघात केले जातात. क्लच बाजूचे झाकण काढून बदलता येतो, गिअरबॉक्ससाठी मात्र बहुतेक गाड्यांचे इंजिन फोडावे लागते.

ऑइलविषयीचा समज चुकीच्या शब्दावर बोट ठेवतो. ऑइल सिंथेटिक आहे की खनिज, यावर क्लचचे घसरणे ठरत नाही. त्यात घर्षण कमी करणारी द्रव्ये किती आहेत, यावर ते ठरते. याच कारणाने जपानमध्ये १९९८ साली जासो (जपानी वाहन मानक संस्था) टी ९०३ हे मानक आले. डब्यावर जासो एमए किंवा एमए२ लिहिलेले असेल, तर ते ऑइल ओल्या, म्हणजे ऑइलमध्ये बुडालेल्या, क्लचला चालते, मग ते सिंथेटिक का असेना. एमबी दर्जाचे ऑइल कोरड्या क्लचच्या ऑटोमॅटिक स्कूटरसाठी ठीक आहे. इंधन वाचवणारे म्हणून विकले जाणारे कारचे पातळ ऑइल मोटारसायकलमध्ये ओतले, तर मात्र तक्रार खरी ठरू शकते. आरएक्स १०० सारख्या टू-स्ट्रोक गाड्यांत आणि जुन्या कास्ट आयर्न इंजिनच्या बुलेटमध्ये क्लच इंजिन ऑइलमध्ये नसतोच, तेव्हा तेथे हा प्रश्न वेगळ्याच ऑइलचा असतो.

आता केबल. केबल ताणली गेली की लिव्हरचा फ्री प्ले वाढतो, क्लच पुरता सुटत नाही आणि न्यूट्रल सापडणे अवघड होते. तेव्हा केबल घट्ट करणे बरोबर आहे. प्लेटा झिजल्यावर मात्र नेहमीच्या रचनेत फ्री प्ले कमी होतो, म्हणजे केबल आधीच ताठ झालेली असते. त्यात ती आणखी घट्ट केली, तर लिव्हर सोडलेली असतानाही प्रेशर प्लेट किंचित उचललेली राहते, स्प्रिंगांचा पूर्ण दाब बसत नाही आणि थोडी घसरणारी प्लेट थोड्याच दिवसांत जळून जाते. वरच्या गिअरमध्ये चढावर रेस वाढते पण वेग वाढत नाही, असे जाणवल्यास प्रथम केबल सैल करून पुस्तिकेत दिलेला, बहुधा १० ते २० मिलिमीटरचा, फ्री प्ले मिळतो का ते पाहावे. तो मिळूनही क्लच घसरत असेल आणि ऑइलही योग्य असेल, तर क्लच उघडावा. तेव्हा अस्तराच्या प्लेटांबरोबर स्प्रिंगांची लांबी, पोलादी प्लेटांचा बाक आणि प्लेटा ज्यात बसतात त्या बास्केटच्या बोटांवर पडलेल्या खाचाही तपासाव्यात, आणि नव्या प्लेटा बसवण्यापूर्वी ऑइलमध्ये भिजवून घ्याव्यात.