हलकं घर, भारी माती

फॅक्टरीत तयार होणाऱ्या घरांना माझा विरोध नाही. रेतीघाट बंद झाले की गावोगावची बांधकामं अर्धवट पडून राहतात; अशा वेळी पॅनलचं, म्हणजे तयार भिंती-छताचं, घर थोड्या दिवसांत उभं राहतं, ही मोठी सोय आहे. पण विकणारे सांगतात, ‘घर हलकं आहे, पाया साधा चालेल.’ आपल्या काळ्या मातीत हे ऐकून पाया घातला तर घर वाया गेलंच म्हणून समजा.

ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि मे महिन्यात हात जाईल एवढी भेगाळते. विटा-दगडाचं घर आपल्या वजनाने तिला थोडं तरी दाबून धरतं. पॅनलचं घर तेवढं वजनच टाकत नाही, म्हणून माती त्याला खालून उचलते, आणि तेही सगळीकडून सारखं नाही. न्हाणीचं पाणी जिकडे मुरतं ती बाजू आधी वर येते. दार चौकटीत अडकायला लागतं, सांधे उघडतात, पुढच्या पावसात पाणी आत येतं, आणि खापर पॅनलवर फुटतं.

म्हणून ॲडव्हान्स देण्याआधी जागेवर खड्डा खोदून बघा. चार-पाच फुटांवर पक्का मुरूम लागला तर नेहमीचं फुटिंग, म्हणजे खांबाखालचा रुंद काँक्रीटचा पाया, चालेल. पण अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात काळी माती फार खोल आहे. तिथे अंडर-रीम्ड पाइलच, म्हणजे जमिनीत ओतलेला, तळाशी फुगलेला काँक्रीटचा खांबच घ्यावा: 10 ते 12 इंच व्यासाचं, साधारण साडेतीन मीटर खोल बोअर आणि तळाशी अडीचपट रुंद फुगा. एवढ्या खोल ओल फारशी कमी-जास्त होत नाही, त्यामुळे फुगा घराला खाली धरून ठेवतो. सळई वरपासून तळापर्यंत हवी, कारण फुगणारी माती पाइललाही वर ओढते. 15 बाय 20 फुटांच्या घराला अशा सुमारे 10 पाइल लागतात. नक्की आकडा इंजिनिअरकडूनच घ्या. पाइलांना वरून जोडणारा बीम मात्र जमिनीला टेकू द्यायचा नाही. खाली तीन इंच पोकळी ठेवायची आणि मिस्त्री ती मातीने भरणार नाही याकडे लक्ष ठेवायचं, नाहीतर सगळा खर्च पाण्यात.

फरशीखालची काळी माती तीनेक फूट काढा आणि मुरूम सहा-सहा इंचांच्या थरांत, पाणी मारून धुम्मस करून भरा. नुसती रेती भरू नका. रेतीत पाणी साठतं आणि खालची माती आणखी फुगते. खारपाणपट्ट्यातलं बोअरचं पाणी काँक्रीटला वापरू नका. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात क्लोराइड लिटरला 500 मिलिग्रॅमच्या आतच हवं, जास्त असेल तर आतून गंज धरतो.

पत्र्याच्या पॅनलला जिथे जिथे कापलंय त्या कडेला झिंक प्रायमर मारून घ्या. गंज तिथूनच सुरू होतो. आत थर्माकोल असेल तर उंदीर आणि आग, दोन्हींची भीती. चूल घरात पेटणार असेल तर स्वयंपाकघराची भिंत विटांची किंवा रॉकवूल (न जळणाऱ्या दगडी लोकरीच्या) पॅनलची करा. आपल्या उन्हाळ्यात छप्पर किमान 50 मिलिमीटर पफचं (आत फोम भरलेल्या पॅनलचं) हवं, नुसता साधा टिन परवडत नाही. नागपूरचा डिझाइनसाठीचा वाऱ्याचा वेग सेकंदाला 44 मीटर धरतात, म्हणजे ताशी दीडशे किलोमीटरच्या वर. म्हणून छप्पर सांगाड्याला आणि सांगाडा पायातल्या अँकर बोल्टला पक्का बांधलेला पाहिजे.

तयार खोलीच आणायची असेल तर हायड्रा क्रेन गल्लीत वळेल का आणि वर विजेच्या तारा आहेत का, तेवढं बघून घ्या. सुटे पॅनल ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतूनही येतात.

आता पैशाचं. प्रधानमंत्री आवास योजनेतल्या घरकुलाचे 1 लाख 20 हजार टप्प्याटप्प्याने, बांधकामाचा फोटो चढल्यावर मिळतात; कंपनीला माल सुटण्याआधी रक्कम हवी असते. शिवाय या योजनेत कंत्राटदाराकडून घर बांधून घेता येत नाही. त्यामुळे पाया गावच्या मिस्त्रीकडून आणि पॅनल फक्त साहित्य म्हणून विकत, असं जमेल का, हे पंचायत समितीतल्या घरकुलाच्या इंजिनिअरला आधी विचारा. डोंगराळ आणि दुर्गम भागाला योजनेत 1 लाख 30 हजार आहेत, कारण तिथे बांधणं महाग पडतं. खोल काळ्या मातीच्या गावांनाही तोच निकष लावावा आणि वाढीव 10 हजार पायाच्या टप्प्यालाच द्यावेत, ही मागणी प्रत्येक ग्रामसभेने ठराव करून वर पाठवायला हवी.